डेअरीची नळी, धुराची वाट

मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो. पण कशाची नळी, असं विचारलंत तर माझा गोंधळ उडतो. दुधाची म्हणू की धुराची? मधे अकरा उन्हाळे मी टोमॅटोच्या रोपांचा टेकू होते, ते कुठल्या खात्यात धरू? आमच्या गावात माणसाच्या नावामागे त्याच्या बापाचं नाव लागतं आणि तेवढ्यानं त्याची ओळख पटते. नळीला मात्र जे आतून जाईल त्याचंच नाव मिळतं. माझ्या आतून काय काय गेलं ते सांगते. मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म न गंजणाऱ्या पोलादाच्या पत्र्यातून झाला. एका यंत्रानं मला गुंडाळलं, दुसऱ्यानं शिवण घातली, तिसऱ्यानं आतून घासघासून असं केलं की एका टोकाला दिवा धरला तर दुसऱ्या टोकापर्यंत उजेडाची कडी लागावी. दोन बोटं आत जातील एवढीच माझी रुंदी. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात येनिसेई नदीच्या काठी मिनुसिन्स्क गाव आहे, तिथल्या डेअरीत मला भिंतीवर बसवलं. पहाटे गाड्या यायच्या आणि माझ्यातून कोमट दूध धावायचं. लहान वासराच्या जिभेसारखं ते आतून चाटत जायचं. ते दिवस फार गोड होते.

दूध संपलं की उस्तिन्या यायची. डोक्याला पांढरा रुमाल, पायात रबरी बूट, हात सोड्यानं लाल झालेले. तिच्याकडे नळ्या धुण्याचं काम होतं. डेअरीतली कुठलीही नळी कधी सपाट बसवत नाहीत, तिला जराशी उतरती ठेवतात, म्हणजे आत थेंबही मागे राहत नाही. राहिला तर नासतो, आणि दुसऱ्या दिवशीचं सगळं दूध नासवतो. धुऊन झालं की उस्तिन्या माझ्या खालच्या टोकाशी वाकून बघायची, शेवटचा थेंब पडला का. तो पडेपर्यंत ती हलायची नाही. आणि बायका धुता धुता म्हणायच्या,

उतार धर गं नळीबाई, थेंब मागं ठेवू नको,
राहिलेलं आंबतं बाई, उद्याला ते देऊ नको.

मला वाटायचं, जन्म असाच जाईल. पण एका हिवाळ्यात गाड्या यायच्या थांबल्या आणि डेअरीला कुलूप लागलं. भिंतीवरच्या नळ्या कापून भंगाराच्या ट्रकात टाकत होते, तेव्हा उस्तिन्या तिथे उभी होती. तिनं करवतवाल्याला सांगितलं, ही एक मला दे. त्यानं माझे दोन तुकडे करून दिले. उंचीला प्रत्येक तुकडा तिच्याएवढा. मुलांच्या घसरगाडीवर मला दोरीनं बांधून ती बर्फातून ओढत घरी घेऊन गेली.

तिच्या नवऱ्यानं दार उघडलं आणि तो बघतच राहिला. त्याचं नाव निकांद्र. बापाचं नाव सावेली, म्हणून ओळखीचे सगळे त्याला सावेलिच म्हणत. चुली बांधणारा गवंडी. घराच्या भिंतीएवढ्या विटांच्या चुली, ज्यांच्यावर म्हातारी माणसं झोपतात, तसल्या. अर्ध्या गावाचा धूर त्यानं वाटेला लावलेला.

"लोक डेअरीतून लोणी आणतात," तो म्हणाला. "तू नळी आणलीस."

"लोणी संपलं असतं," उस्तिन्या म्हणाली.

बस, एवढंच बोलणं. उन्हाळा आल्यावर तिनं मला परसात रोवलं आणि दोन्ही तुकड्यांना टोमॅटोची रोपं बांधली. आमच्याकडचे टोमॅटो दोन मुठींएवढे होतात, त्यांना टेकू लागतोच. मी उभी राहिले. पण मित्रांनो, आतून काहीच जाईना. कधी पाऊस भरायचा, कधी एखादी माशी फिरून जायची. आपण कशासाठी आहोत हे कळत नसताना उभं राहणं फार अवघड असतं.

आता गॅरेजची गोष्ट.

रेल्वेरुळांच्या मागे विटांच्या गॅरेजांच्या चार रांगा आहेत. गाडी असो नसो, बाप्यांचा हिवाळा तिथेच जातो. फळ्यांखाली तळघर असतं, त्यात बटाटे आणि आंबवलेल्या टोमॅटोच्या बरण्या. बायका बरणीपुरत्या येतात आणि बरणी घेऊन जातात. निकांद्रचं गॅरेज दुसऱ्या रांगेत, शेवटचं. त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे घळ आहे, झुडपांची आणि बर्फाची.

विटांच्या चुली आता कोणी बांधून घेत नव्हतं. घराघरांतून गरम पाण्याचे पाइप फिरले. निकांद्रचे हात रिकामे राहिले आणि हात रिकामे राहिले की तो चिडचिडा व्हायचा. म्हणून त्यानं होडी करायला घेतली. सपाट तळाची, दोन माणसांची. बर्फ फुटला की नदीतल्या बेटांवर जायचं, मासे धरायचे, उस्तिन्याला बोरं वेचायला न्यायचं. पण होडीच्या फळ्या ज्या गोंदानं जोडायच्या, त्याला दोन दिवस सलग ऊब हवी. बाहेर उणे अडतीस. म्हणून त्यानं डिझेलवर चालणारा हीटर आणला. सुटकेसएवढा डबा. एका तोंडानं गरम वारा देतो, दुसऱ्या तोंडानं धूर.

उस्तिन्याला तो हीटर बघूनच धडकी भरली. मागच्या हिवाळ्यात तिसऱ्या रांगेत एक माणूस दार लावून, गाडी चालू ठेवून ऊब घेत बसला होता. तो तसा बसूनच राहिला. जळल्याचा जो वारा असतो त्याला वास नसतो, रंग नसतो, तो माणसाला झोप आणतो आणि मग ती झोप परत घेत नाही. उस्तिन्यानं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "त्या डब्याचा श्वास तुझ्या श्वासात मिसळता कामा नये. मिसळला, तर ना होडी ना गॅरेज. मी कुऱ्हाडीनं दोन्ही फोडीन."

"धुराचं मला सांगतेस?" निकांद्र म्हणाला.

हीटरबरोबर आलेली धुराची नळी हातभर लांब. ती त्यानं दाराशेजारच्या भिंतीतून बाहेर काढली. चौथ्या दिवशी शेजारचा रिनात आला. तो तातार, पन्नाशीच्या आतला, वेल्डिंगचं काम करणारा.

"सावेलिच, आहात का जिवंत?"

"आहे. दार लाव, ऊब जाते."

"ऊब तुमची आणि धूर माझा, ही कसली वाटणी? तुमची नळी तोंड वासून माझ्या दाराकडे बघत असते. काल बायकोनं विचारलं, डिझेलनं अंघोळ केलीस का."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, सावेलिचकडून आलो. ती म्हणाली, मग बरोबर."

निकांद्रनं हसणं मिशीत दडवलं. पण गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. बर्फ साचला की तो धूर रिनातच्याच काय, निकांद्रच्याही दाराखालून परत आत येत होता. धुराची वाट लांबवायला हवी होती. मागच्या भिंतीतून थेट घळीत सोडला की कोणाला त्रास नाही. त्यानं हीटर मधल्या फळीवर सरकवला, मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं आणि घरी येऊन परसातल्या बर्फात गुडघ्यापर्यंत उतरला. माझ्या अंगावर गेल्या उन्हाळ्यातली टोमॅटोची वाळलेली, दोरीनं बांधलेली रोपं तशीच होती. ती त्यानं चाकूनं कापली.

मित्रांनो, मला पुन्हा काम मिळणार म्हणून मी आनंदले आणि लगेच गोंधळले. रिनातनं माझे दोन तुकडे जोडले, हीटरजवळ एक बाक दिला, सांध्यावर पट्टी आवळली. आणि निकांद्रनं ओळंबा लावून, एक डोळा मिटून, मला भिंतीवर टांगलं. हीटरपाशी खाली आणि मागच्या भिंतीकडे चढत गेलेली. बाहेरच्या तोंडावर त्यानं पत्र्याची छोटी टोपीही घातली, धुराड्याला घालतात तशी. मला कळेना. मला आयुष्यात कोणी असं उलटं धरलं नव्हतं.

नेमकी तेव्हाच उस्तिन्या बरणी न्यायला आली. तळघराची फळी उचलता उचलता तिनं वर बघितलं.

"निकांद्र, ही उलटी टांगलीस."

"काय उलटं आहे?"

"उतार आत आलाय. बाहेर पाहिजे."

"अगं, दूध खाली जातं आणि धूर वर. तू तुझी डेअरी सांभाळलीस, मी माझ्या चुली."

रिनात शिडीवरून म्हणाला, "मावशी, कोंबडीला अंडं द्यायला आणि सावेलिचना धुराचं काही शिकवायचं नसतं."

"आणि धुराबरोबर पाणी आलं तर?"

"आगीतून पाणी?" निकांद्र खो खो हसला. "रिनात, लिहून ठेव. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी माझ्या बायकोनं शोध लावला."

उस्तिन्या हसली नाही. रागावलीही नाही. "नळीत काही राहू द्यायचं नाही, एवढंच मला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि तळघरात उतरली. वर आली तेव्हा बरणी तिनं पोटाशी घट्ट धरली होती. जाताना तिनं माझ्याकडे आणखी एकदा बघितलं. मला बोलता आलं असतं, तर मी तरी काय बोलले असते? चुलींचा एवढा मोठा कारागीर सांगतोय की धूर वर जातो. मी धूर कधी वाहिलाच नव्हता.

पहिले आठ-दहा दिवस माझं फार कौतुक झालं. धूर घळीत जायचा, रिनातची बायको खूश, गोंद छान धरत होता. दुसऱ्या रांगांतले बाप्ये येऊन मला बघून जायचे. "काय चकाकते," म्हणायचे. निकांद्र म्हणायचा, "डेअरीची आहे." माझ्याबद्दल कोणी इतक्या अभिमानानं बोललेलं मी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

पण तिसऱ्याच दिवशी माझ्या पोटात काहीतरी घरंगळलं होतं. थेंब. मला वाटलं, दूधच आलं. पण ते करडं होतं, कडू होतं. ते कुठून आलं मला कळेना. माझ्यात कोणी पाणी ओतलं नव्हतं, छप्परही गळत नव्हतं. गरम श्वास माझ्यातून पुढे जाता जाता गार व्हायचा, आणि जिथे गार व्हायचा तिथे माझ्या अंगावर दव धरायचं. ते दव उतारानं मागे, हीटरकडच्या बाकात येऊन साठायचं. रोज थोडं. हीटर बंद झाला की तिथेच गोठायचं, चालू झाला की पातळ व्हायचं. मला सारखी ती जुनी ओळ आठवायची, राहिलेलं आंबतं बाई. पण आग आंबते का? कोणाला विचारू?

जानेवारीत जुन्या पंचांगाचं नवं वर्ष येतं. दोन दिवस निकांद्र घरीच होता. उस्तिन्यानं पेल्मेनी, म्हणजे मांस भरलेल्या उकडीच्या करंज्या केल्या, शेजारी आले, गाणी झाली. गॅरेजात हीटर बंद. त्या दोन दिवसांत पारा उणे बेचाळीसपर्यंत उतरला आणि माझ्या बाकातलं सगळं पाणी दगड झालं. बाहेरच्या टोपीखालीही वाफ गोठून गोठून बर्फाची गाठ बसली. म्हणजे मी दोन्हीकडून मुकी झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. होडीची शेवटची फळी बसवायची होती. वारा येऊ नये म्हणून त्यानं दाराला आतून अडसर घातला, दाराखालच्या फटीत लोकरीच्या नमद्याचा जुना बूट कोंबला आणि हीटर लावला.

मित्रांनो, पुढचं सांगताना माझा आवाज अजून घोगरा होतो. गरम श्वास आला आणि वाट नव्हती. बर्फ थोडा वितळायचा, पुढे सरकायचा आणि गार भागात पुन्हा गोठायचा. श्वास मागून ढकलत होता. मी कुठे जाऊ देऊ त्याला? शेवटी हीटरजवळच्या सांध्यावरची पट्टी जराशी सैल पडली आणि तो तिथून बाहेर निघाला. बाहेर म्हणजे आत. म्हातारा फळीवर वाकून गोंद लावत होता आणि मी त्याच्या मानेवर हळूहळू फुंकर घालत होते. मला वाटलं, त्याला ऊब मिळतेय. तो एकदा कपाळ चोळून थांबला. मग उलट्या बादलीवर बसला. मग भिंतीला टेकला. ब्रश त्याच्या हातातून होडीत पडला. त्याचे गाल लाल दिसत होते, तरण्या पोरासारखे, आणि मला ते चांगलंच लक्षण वाटलं. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

दुपारी उस्तिन्या डबा घेऊन निघाली. रस्त्यावर बर्फ काढायचं यंत्र चालू होतं, म्हणून ती घळीच्या पायवाटेनं आली. त्या बाजूनं तिला माझं तोंड आधी दिसलं. नळीचं टोक बघायची तिची जन्माची सवय. बाकीच्या गॅरेजांच्या मागे पांढरी वाफ उभी होती. माझ्या टोपीवर काहीच नव्हतं. आणि आतून हीटरची घरघर तर ऐकू येत होती.

डबा तिथेच पडला. सदुसष्ट वर्षांची बाई नमद्याच्या बुटांनी बर्फातून कशी धावते, ते मी भिंतीतून ऐकलं. दार आतून बंद. तिनं दोन्ही मुठींनी ठोकलं.

"निकांद्र. निकांद्र, दार उघड."

मग शेजारच्या दाराशी तिचा आवाज आला. "रिनात, पहार घे."

"काय झालं, मावशी?"

"पहार घे म्हटलं ना."

अडसर मोडायला किती वेळ लागला मला सांगता येत नाही. त्यांनी त्याला काखेत धरून ओढलं आणि बाहेर बर्फावर आडवं केलं. उस्तिन्यानं त्याची टोपी काढली, कोट उघडला, गालांवर बर्फ चोळला. रिनात हीटर बंद करायला तोंडावर मफलर धरून आत आला, तेव्हा त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी वितळून गेले असते तर बरं झालं असतं.

बऱ्याच वेळानं म्हाताऱ्याला ओकारी आली. मग त्यानं डोळे उघडले.

"गोंद धरला का?" त्यानं विचारलं.

उस्तिन्या त्याच्याशेजारी बर्फात बसली आणि रुमालात तोंड घालून रडली. रिनात दुसरीकडे बघत राहिला.

दवाखान्यात त्याला दिवसभर नाकाशी प्राणवायूचा मुखवटा लावून ठेवलं. घरी आल्यावर तीन दिवस डोकं धरून बसला होता. चौथ्या दिवशी तो गॅरेजात आला, मला भिंतीवरून उपसलं आणि घळीत फेकून दिलं. "डेअरीचा पत्रा," तो म्हणाला. हीटर गोणपाटात गुंडाळला. अर्धी होडी तशीच ठेवून दाराला कुलूप घातलं.

मी बर्फात पडून होते. कावळा येऊन बसून गेला. मला काय शिक्षा झाली हे कळत होतं, गुन्हा कळत नव्हता. मी धूर वर नेला होता, सांगितलं होतं तसा. मी वाट सोडली नव्हती. मग माझ्या मालकाच्या नरडीशी मीच कशी पोचले?

दुसऱ्या सकाळी उस्तिन्या घळीत उतरली. तिनं मला उचललं, काखोटीला मारलं आणि घरी नेऊन स्वयंपाकघरात भिंतीला तिरकं टेकवलं. खाली चहाचा काचेचा पेला ठेवला. ऊब लागली तशी माझ्या बाकातून बर्फाची कांडी निसटली. तिच्या मागून थेंब थेंब. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती माझ्याशी वाकून उभी राहिली. मग तो पेला तिनं निकांद्रपुढे टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"तुझा धूर."

त्यानं पेला उजेडाकडे धरला. करडं, गढूळ, पाऊण पेला.

"पाणी कोणी घातलं नळीत?"

"मी घातलं असेन. रिनातनं घातलं असेल. तू सांग."

पेल्यात बोट बुडवून त्यानं वास घेतला. मग बोलला तेव्हा आवाज खाली आला होता.

"नवी चूल पहिल्यांदा पेटवली की रडते," तो म्हणाला. "धुराडं थंड असतं ना. विटांवरून पाणी उतरतं. आम्ही म्हणायचो, चूल रडली, घरात सुख येणार. दोन दिवसांत धुराडं तापतं आणि रडं थांबतं." त्यानं माझ्याकडे बघितलं. "हिचं कसं थांबेल? एवढीशी आग, एवढी लांब वाट. ही तापणारच नाही. ही रोज रडणार."

"मग रडणारीला बाहेरचा उतार दे," उस्तिन्या म्हणाली.

एवढं बोलून ती उठली आणि पेला ओतायला गेली. पण निकांद्र म्हणाला, "राहू दे अजून जरा." तो त्या पाण्याकडे बघत होता. चाळीस वर्षं ज्याचा हात धरून तो चालला त्या धुराच्या दुसऱ्या हातात काय होतं, हे त्यानं पहिल्यांदाच बघितलं होतं.

त्या आठवड्यात गॅरेजात एक अजब गोष्ट झाली. उस्तिन्या बरणीसाठी न येता आली आणि बसली. रिनातनं मला मागच्या भिंतीत नवं, खालचं भोक पाडून दिलं. टोपी काढून टाकली आणि माझं बाहेरचं तोंड तिरकं कापलं, बर्फ साचतो त्याच्या हातभर वर. गॅरेजातल्या माझ्या भागाला बाहेरून काचेच्या लोकरीची पट्टी गुंडाळली, म्हणजे श्वास लवकर गार होऊ नये. निकांद्रनं ओळंबा धरला, डोळा मिटला आणि मग डोळा उघडून बायकोकडे वळला.

"किती?"

"मीटरला दोन बोटं."

"कोणाची बोटं? माझी की तुझी?"

"माझी. तुझ्या बोटांनी एकदा झालं ना बघून."

रिनात शिडीवर हसता हसता पट्टी विसरला. निकांद्रनं मोजायला हात पुढे केला, तिनं त्यावर आपली दोन बोटं ठेवली आणि त्या मापानं मी टांगले गेले. बाहेर उतरती. किती वर्षांनी, मित्रांनो. अंगातून कोणीतरी गाठ सोडवावी तसं वाटलं. दाराखालचा बूट काढून टाकला. रिनातनं त्याच्या बहिणीकडून एक छोटी पांढरी डबी आणून भिंतीवर लावली. वाईट वारा आला तर ती ओरडते. ती माझ्या समोरच असते आणि माझ्यावर संशय घेत दिवसभर डोळा मिचकावते. घेऊ दे.

होडी झाली. पण माझं काम एवढ्यावर संपलं नाही. उतार दिला म्हणून रडं थोडंच थांबतं? माझ्या बाहेरच्या तोंडाला रोज बर्फाचा सुळा धरतो. तो वाढू दिला तर पुन्हा माझं तोंड बंद. म्हणून दर सकाळी म्हातारा आत जातो आणि उस्तिन्या घळीच्या वाटेनं मागे येते, तो सुळा काठीनं ठोकून पाडते.

पहिल्या दिवशी तिनं ठोकलं तेव्हा आवाज माझ्यातून सरसरत आत गेला. आत म्हाताऱ्याला वाटलं, कोणी बोलावलं. त्यानं पान्यानं माझ्यावर दोनदा टकटक केलं. ती बाहेर दचकली. मग तिनं पुन्हा ठोकलं, दोनदा. आतून पुन्हा दोनदा. त्यानंतर रोज तसंच. सुळा असो नसो, ती येते, ठोकते, उत्तर ऐकते आणि मगच घरी चहा टाकते. रांगेतले बाप्ये चेष्टा करतात. "सावेलिच, घरून तार आली," म्हणतात. आणि कोणाला हीटरची वाट लांबवायची असली की निकांद्र त्यांना म्हणतो, "मला विचारू नका. मी चुलींचा माणूस. बाईला विचारा." ती येते, बोटं ठेवून उतार दाखवते. आता दुसऱ्या रांगेतल्या सात नळ्या उस्तिन्याच्या बोटांच्या मापानं उतरल्यात.

परवा मात्र तिनं ठोकलं आणि उत्तर आलं नाही. मी ऐकत होते. माझ्यातून श्वास नीट जात होता, समोरची डबी शांत होती, पण बाहेरून तिला ते कसं कळणार? तिनं पुन्हा ठोकलं. ती वळलीच होती, पळायला, तेवढ्यात आतून टकटक झाली. एकदा, दोनदा, आणि जरा जास्तच.

ती वाकली आणि माझ्या तोंडाशी, त्या धुरातच, म्हणाली, "कुठे होतास?"

"दोन्ही हात वल्ह्याला रंग लावण्यात होते," माझ्या दुसऱ्या टोकाला निकांद्र म्हणाला.

"रंग वाळेल नाहीतर सांडेल. आधी ठोकायचं."

"बरं."

"बरं नाही. ठोकून सांग."

त्यानं ठोकून सांगितलं.

तर मित्रांनो, मी दुधाची, टोमॅटोची की धुराची, हे मला अजून सांगता येत नाही. कदाचित त्या दोन ठोक्यांची असेन. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी नळी असेल, चुलीची, गरम पाण्याच्या बंबाची, गाडीची. तिनं काय आणलं ते सगळे बघतात. तिनं काय बाहेर नेलं, आणि खरंच नेलं का, हे बघायला कोणाला तरी मागच्या बाजूनं वाट वाकडी करून जावं लागतं. तुम्ही जा. थंडी असली तरी जा. टोकाशी वाकून बघा, आणि आतल्या माणसाचं उत्तर ऐकल्याशिवाय तिथून हलू नका.